हिमप्रदेशांतील शिकाऱ्याचें पादत्राण

श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यांत माझा भाचा कॅनडांतून चार आठवड्यांच्या रजेवर घरीं आला, तेव्हां त्याच्या सामानांतून बुटांचे दोन जोड निघाले. एक उंच, ताठ, जाड रबरी तळाचा व इतका जड कीं ओसरीवर ठेवतांना खलबत्ता ठेवल्याचा आवाज झाला. दुसरा त्याच्या अगदीं उलट. त्याला टांच नाही, तळ जेमतेम बोटाच्या एका पेराच्या निम्म्याएवढा, पुढचा भाग बदकाच्या पायासारखा रुंद, आणि सारा बूट असा मऊ कीं त्याची सुरळी करून हातांत धरतां यावी. माझ्या बहिणीनें तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलें, "अरे, हे बूट कीं पिशव्या?"

भाचा त्या देशाच्या पश्चिमेकडील आल्बर्टा प्रांतांत नोकरीस आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा बसला. तिकडे मात्र सरकारी परवाना घेऊन ठराविक मोसमांत हरणाची शिकार करतां येते, आणि कचेरींतल्या मित्रांबरोबर हाही नोव्हेंबरांत जंगलांत जाऊं लागला आहे. आमच्या शाकाहारी घराण्याला हें फारसें रुचलें नाहीं, पण तो प्रश्न निराळा. मागल्या मोसमांत शून्याखालीं वीस अंश थंडींत तो त्या जड बुटांत तीन तास हरणाची वाट पाहात निश्चल बसला, आणि उठला तेव्हां डाव्या पायाचीं दोन बोटें जणूं दुसऱ्याचीं झालीं होतीं. त्यांची पुरी संवेदना परत यावयास कित्येक आठवडे लागले. म्हणून आतां त्याला हा मऊ, अनवाणी चालल्यासारखा वाटणारा बूट घ्यावयाचा होता. मित्र म्हणत होते कीं पातळ तळाचा बूट घालून बर्फांत जाणें म्हणजे निव्वळ वेडेपणा. त्यानें माझ्याकडे पाहून म्हटलें, "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास-भूगोल शिकविला. पूर्वीं बर्फांतले शिकारी पायांत काय घालीत, तें तरी सांगा!"

मीं स्वतः मॅट्रिक होईपर्यंत अनवाणी शाळेंत गेलेला मनुष्य. बुटांच्या बाबतींत माझा अधिकार तो काय! परंतु प्रश्न इतिहासाचा होता, आणि शिक्षकाला प्रश्न टाळतां येत नाहीं. त्या महिन्यांत जें वाचलें व पाहिलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम या नव्या बुटांविषयीं दोन शब्द. अनवाणी धाटणीचें पादत्राण म्हणजे ज्याचा तळ पातळ व वाकणारा आहे, ज्याची टांच पुढल्या भागाहून उंच नाहीं, आणि ज्यांत बोटें पसरावयास मोकळी जागा आहे असें पादत्राण. या शतकाच्या पहिल्या दशकांत पायाच्या पांचही बोटांना वेगवेगळ्या खोळी असलेले बूट अमेरिकेंत विकले जाऊं लागले. २०१० सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन यांनीं 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकांत अनवाणी धावणाऱ्यांच्या पावलांविषयीं निबंध प्रसिद्ध केला, आणि या धाटणीला एकदम प्रतिष्ठा आली. प्रतिष्ठेबरोबर अतिशयोक्तीही आली. आपल्या बुटांनीं पाय बळकट होतात व दुखापती टळतात असें सांगणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर ग्राहकांनीं फिर्याद केली, आणि २०१४ सालीं ३७॥ लाख डॉलर देण्याचें कबूल करून तिनें तडजोड केली. तेव्हां दुकानदाराची ग्वाही बाजूला ठेवून जुन्या साक्षीदारांकडे जावें हें बरें.

अगदीं जुना साक्षीदार चीनमधला आहे. बीजिंगजवळील तियानयुआन गुहेंत सुमारें ४०,००० वर्षांपूर्वींच्या माणसाचीं हाडें सांपडलीं. एरिक ट्रिंकॉस नांवाच्या शास्त्रज्ञानें त्यांतील पावलाचीं हाडें तपासलीं. पायाचीं इतर हाडें भक्कम, परंतु बोटांचीं मात्र नाजूक. अनवाणी चालणाऱ्याचीं बोटें जमिनीला धरून धरून जाड होतात. हीं तशीं झालीं नव्हतीं. यावरून त्या माणसाच्या पायांत कांहीं तरी पादत्राण असे, असें अनुमान त्यांनीं काढलें. चामडें केव्हांच कुजून गेलें, पण बोटांनीं साक्ष ठेवली.

दुसऱ्या साक्षीदाराचे मात्र बूटच मिळाले आहेत. सप्टेंबर १९९१ मध्यें आल्प्स पर्वतांत, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवर, ३,२१० मीटर उंचीवर, वितळलेल्या बर्फांतून एका मनुष्याचें प्रेत वर आलें. प्रथम तो कोणी हल्लींचा गिर्यारोहक असावा असें वाटलें. तपासाअंतीं तो सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचा ठरला. ओट्झी या नांवानें तो आज जगाला माहीत आहे. त्याच्याजवळ अर्धवट तासलेलें यू झाडाचें धनुष्य होतें, भात्यांत चौदा बाण होते व त्यांपैकीं दोनच पुरे झालेले होते. पोटांत रानबोकड व सांबराच्या जातीच्या हरणाचें मांस होतें. स्वतः त्याच्या खांद्यांत दुसऱ्या कोणाच्या बाणाचें टोंक रुतलेलें होतें, हें दहा वर्षांनीं, २००१ सालीं, ध्यानांत आलें.

या मनुष्याचे बूट माझ्या भाच्यानें ओसरीवर ठेवलेल्या त्या पिशव्यांचे पूर्वज शोभावेत असे आहेत. तळ अस्वलाच्या कातड्याचा, त्याच्या कडा वर वळवून वादीनें बांधलेल्या. टांच नाहीं. तळाखालून एक चामडी पट्टी आडवी गेलेली, ती घसरूं नये म्हणून. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आंत लिंडेन झाडाच्या अंतरसालीच्या दोरीची एक जाळी विणलेली, व त्या जाळींत ठासून भरलेलें वाळकें गवत. म्हणजे खरा बूट आंत आहे, तो गवताचा आहे. बाहेरचें कातडें ही त्याची नुसती खोळ. झेक देशांतील झ्लिन येथील प्राध्यापक पेत्र ह्लावाचेक यांनीं तसेच बूट हुबेहुब बनवून डोंगरांत वापरून पाहविले, आणि पाय उबदार राहिले, फोड आले नाहींत, असा निर्वाळा मिळाला. झ्लिन हें कोणतें गांव म्हणाल, तर ज्या बाटाची पाटी आपल्याकडे तालुक्याच्या पेठेंतही दिसते, त्या बाटाचें मूळ गांव. आर्मेनियांतील अरेनी येथील गुहेंत २००८ सालीं एक साडेपांच हजार वर्षांपूर्वींचा, गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्याचा जोडा मिळाला, त्यांतही गवत भरलेलें होतें. मात्र तें ऊब यावी म्हणून कीं जोड्याचा आकार टिकावा म्हणून, याविषयीं पंडितांत दुमत आहे.

श्रोतेहो, गवताची ही करामत कशांत आहे तें पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाहीं. कातडें जाड केल्यानें पाय गरम राहत नाहीं. ऊब राहते ती कोंडून ठेवलेल्या, न हलणाऱ्या हवेमुळें. आपली गोधडी ऊब देते तीही तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळेंच. ही हवा कोरडी असली पाहिजे, कारण पाणी हवेपेक्षां वीसपटींहूनही अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. पण तळव्याला घाम सारखा सुटतो. म्हणून आंतली वस्तू घाम शोषून घेणारी व सहज बाहेर काढून वाळवितां येणारी हवी. शेवटची अट ही कीं पाऊल आवळतां कामा नये; आवळलें कीं रक्त बोटांपर्यंत पोंचत नाहीं, आणि मग बाहेर कितीही चामडें चढविलें तरी व्यर्थ.

या तिन्ही अटी पाळणारें पादत्राण जगाच्या उत्तर टोंकाला आजही जिवंत आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांच्या उत्तर भागांत सामी लोक राहतात. आमच्या शाळेंतल्या जुन्या भूगोलांत त्यांना लॅप म्हटलेलें असे. उप्सालाचे विद्वान योहान्नेस शेफ्फेरुस यांनीं १६७३ सालीं 'लॅप्पोनिया' हा त्यांच्याविषयींचा लॅटिन ग्रंथ छापला आणि युरोपला त्यांची ओळख करून दिली. त्यांचा हिंवाळी बूट रेनडियरच्या पायाच्या केसाळ कातड्याचा असतो. पुढचें टोंक वर वळलेलें, तें लाकडी स्कीच्या वादींत अडकवितां यावें म्हणून. तळासाठीं रेनडियरच्या कपाळाचें किंवा खुरांमधील कातडें घेतात, आणि केंस एकमेकांच्या उलट दिशेला येतील असे तुकडे जोडतात, त्यामुळें पाऊल पुढेंही घसरत नाहीं व मागेंही नाहीं. घोट्याभोंवतीं विणलेली रंगीत पट्टी गुंडाळली कीं बर्फ आंत जात नाहीं.

आणि आंत मोजे नाहींत, आंत गवत. लव्हाळ्याच्या जातीचें हें गवत उन्हाळ्यांत कापतात, बडवून व विंचरून मऊ करतात, वाळवितात, आणि वेणी घालून त्याचीं वेटोळीं टांगून ठेवतात. रोज सकाळीं मूठभर मोकळें करून बुटांत पसरावयाचें, रात्रीं काढून शेगडीजवळ वाळत घालावयाचें. किती साधी गोष्ट! परंतु ती रोज न चुकतां करणें ही साधी गोष्ट नव्हे.

उत्तर अमेरिकेंतील इन्युइट लोकांची, ज्यांना आपण एस्किमो म्हणत होतों त्यांची, तऱ्हा थोडी निराळी. त्यांच्या बुटाला कामिक म्हणतात. तळ सीलच्या कातड्याचा, आंत कॅरिबू हरणाच्या कातड्याचे मोजे, त्यांचे केंस पायाच्या बाजूला. कॅरिबूचा केंस पोकळ असतो, म्हणजे तेथेंही कोंडलेली हवाच आली. तळाचें कातडें स्त्रिया दांतांनीं चावून चावून मऊ करीत. प्राण्याच्या कंडरेच्या धाग्यानें शिवण घालतांना सुई दोन्ही कातड्यांतून आरपार जाऊं देत नसत, आणि धागा ओला झाला कीं फुगून भोंक बंद करी. शिकाऱ्याचें शौर्य सर्वांना दिसतें. त्याचीं बोटें मात्र घरांतल्या सुईनें वांचविलेलीं असत.

माझ्या भाच्याच्या प्रश्नाशीं अगदीं जवळचा असा त्यांचा एक प्रसंग आहे. हिंवाळ्यांत समुद्र गोठला म्हणजे सील श्वास घेण्यासाठीं बर्फांत भोंकें राखतो. शिकारी अशा भोंकाजवळ भाला घेऊन तास न् तास निश्चल उभा राहतो. पाय हलला, बर्फ करकरला, कीं खालच्या सीलला चाहूल लागते आणि दिवसाचा खटाटोप वायां जातो. म्हणून तो पायांखालीं केसाळ कातड्याचा एक तुकडा अंथरून त्यावर उभा राहतो. चालणारा पाय आपली ऊब आपण निर्माण करतो. उभा राहिलेला पाय ती निर्माण करीत नाहीं, उलट खालचा बर्फ ती ओढून घेतो. चालण्याचा बूट आणि उभें राहण्याची व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या लोकांनीं ओळखलें होतें. मऊ, टांच नसलेल्या तळाचा दुसरा लाभही येथें ध्यानांत येतो. त्याचा आवाज होत नाहीं, आणि अरण्यांत पायाखालीं आलेली काटकी मोडण्यापूर्वींच तळव्याला कळते. अमेरिकेच्या जंगलांतील मूळ रहिवाशांचा मोकासिन हा जोडाही याच कारणानें शिकाऱ्यांना प्रिय झाला.

ही विद्या युरोपियनांनीं शिकली, पण मोठी किंमत देऊन. इंग्रज दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन १८४५ सालीं उत्तरेकडून आशियाला जाण्याचा मार्ग शोधावयास निघाला. किंग विल्यम बेटाच्या आसपास त्याची १२९ माणसें नाहींशीं झालीं. १८५९ सालीं शोधास गेलेल्या तुकडीला बर्फावर ओढून आणलेल्या एका होडींत दोन सांगाडे मिळाले, आणि त्यांच्याजवळ नाना प्रकारच्या बुटांचे कित्येक जोड. बूट उरले, पाय उरले नाहींत. त्याच बेटावर १९०३ ते १९०५ या काळांत रोआल्ड आमुंडसेन हा नॉर्वेजियन दोन हिंवाळे राहिला, आणि तेथल्या नेटसिलिक इन्युइटांकडून कपडे व पादत्राणें यांची विद्या त्यानें विद्यार्थ्याप्रमाणें शिकून घेतली.

आतां गंमत पाहा. हाच आमुंडसेन १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर निघाला, तेव्हां स्कीच्या बंधनांसाठीं ताठ तळाचे बूट घेणें त्याला भाग पडलें. उतावीळपणानें तो ८ सप्टेंबरलाच निघाला. पारा शून्याखालीं पन्नास अंशांच्याही खालीं उतरला, आणि आठवड्याभरांत परत फिरावें लागलें. हान्सेन, स्टुबेरुड व प्रेस्ट्रुड या तिघांच्या टांचा हिमदंशानें धरल्या होत्या. एवढा जाणता मनुष्य, पण ताठ बुटानें त्यालाही चकविलें! त्यानें हट्ट धरला नाहीं. ते बूट पूर्वींही उसवून सैल केले होते. ते पुन्हा उसवून आंत अधिक जागा केली. मग ऑक्टोबरांत निघून १४ डिसेंबर १९११ रोजीं तो ध्रुवावर पोंचला. सैन्यांतल्या रणनीतीचे धडे आम्ही मुलांना पुष्कळ दिले. एक शिवण उसविण्याचा हा धडा मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत कधीं आला नाहीं.

त्याचा प्रतिस्पर्धी कॅप्टन स्कॉट याच्या तुकडीजवळ तर सामी लोकांचेच रेनडियरचे बूट व तेंच गवत होतें. तरीही परतीच्या वाटेवर ओट्स याचे पाय हिमदंशानें गेले. मार्च १९१२ मध्यें एके सकाळीं तो वादळांत तंबूबाहेर गेला तो परत आलाच नाहीं. त्या नोव्हेंबरांत शोधपथकाला त्याची झोंपावयाची पिशवी मिळाली, आणि तिच्याबरोबर एक बूट, पुढून उभा कापलेला. सुजलेला पाय आंत जावा म्हणून तो कापला असावा. यावरून त्या बुटाला दोष देणें योग्य होणार नाहीं. जेथें इंधन संपत आलें आहे, अन्न अपुरें आहे, वाळविण्याला विस्तव नाहीं, तेथें उत्तम गवतही ओलेंच राहतें. पण मऊ बूट म्हणजे कांहीं मंत्र नव्हे, हें माझ्या भाच्याला सांगावयास ती गोष्ट उपयोगीं पडली.

अमेरिकन शिकाऱ्याच्या बुटाची गोष्ट इतकी करुण नाहीं. मेन संस्थानांतील लिऑन लिऑनवुड बीन हा दुकानदार १९११ सालीं शिकारीहून ओल्या, गारठलेल्या पायांनीं परतला. रबरांत पाणी शिरत नाहीं, पण सबंध रबरी बूट घोट्याला जाचतो. चामडें मऊ, पण भिजतें. त्यानें गांवच्या चांभाराकडून रबरी बुटाच्या तळावर चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. १९१२ सालीं शिकारीचा परवाना असलेल्या लोकांना पत्रकें पाठवून त्यानें शंभर जोड विकले. त्यांतले नव्वद शिवण फाटून परत आले. त्यानें सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढलें, आणि रबर सुधारून पुन्हा बूट केले. ते आजही विकले जातात. रबरानें बाहेरचें पाणी अडविलें हें खरें, पण आंतला घामही अडविला. त्यामुळें आंत नमद्याचा सुटा तळ घालावा, व तो रोज काढून वाळवावा, हें ओघानेंच आलें. म्हणजे सामी आजीचें गवत नमद्याच्या रूपानें परत आलें.

हें सारें मीं भाच्याला सांगितलें, पण नुसत्या इतिहासानें बूट निवडतां येत नाहीं. आमच्या गांवचा जुना चांभार वहाणा करण्यापूर्वीं कागदावर पाऊल ठेववून पेन्सिलीनें त्याची रेघ काढीत असे. तेंच आम्ही केलें. संध्याकाळीं, पाय दिवसभर चालून थोडे फुगलेले असतांना, त्याला जाड लोकरी मोजे घालावयास लावले आणि वृत्तपत्रावर दोन्ही पावलांच्या रेघा काढल्या. मग दोन्ही जोडांचे आंतले सुटे तळ काढून त्या रेघांवर ठेवले.

जड बुटाचा तळ ठेवतांच भाचा गप्प झाला. बोटांच्या बाजूला रेघ तळाच्या दोन्ही अंगांनीं जवळजवळ अर्ध्या बोटाएवढी बाहेर होती. थंडी वाजते म्हणून तो मोज्यांवर मोजे चढवीत गेला, आणि प्रत्येक मोज्याबरोबर बोटांचें रक्त आणखी आवळीत गेला. बूट पातळ होता म्हणून बोटें गेलीं नव्हतीं. तो अरुंद होता म्हणून तीं जावयाच्या बेतांत आलीं होतीं. मऊ बुटाच्या तळांत रेघ पुरती मावली, पण जाड मोज्यांसह नेमकी कडेला टेकली.

तेव्हां असें ठरलें कीं धाटणी हीच घ्यावी, पण एक नंबर मोठी. आंत नमद्याचे दोन सुटे जोड असावेत, एक पायांत व एक खिशांत. नाडी घोट्यापाशीं बांधावी, पंजावर सैल ठेवावी. आणि बसण्याच्या जागीं पायांखालीं घालावयास जाड नमद्याचा एक चौकोन पाठीवरच्या पिशवींत असावा, सीलच्या भोंकाजवळील शिकाऱ्याच्या कातड्यासारखा. पातळ तळ बर्फाची थंडी आंत येऊं देतो, हें मित्रांचें म्हणणें खोटें नव्हे. बसून राहणाऱ्यानें तें विसरूं नये. कडाक्याच्या दिवशीं, पारा तीस अंशांच्या खालीं गेला, तर या बुटांनीं बसण्याचा हट्ट करूं नये, घरीं यावें, असें मीं त्याच्याकडून कबूल करून घेतलें. शिवाय जन्मभर उंच टांचेवर चाललेल्या पोटऱ्या एका दिवसांत बदलत नाहींत. म्हणून जुलैपासूनच रोज थोडें थोडें चालून पाय तयार करावे, असेंही बजावलें.

तो परत गेला. गेल्या आठवड्यांत त्याचें पत्र आलें. पोटऱ्या प्रथम पंधरा दिवस फार दुखल्या, आतां तो रोज दोन कोस चालतो. तिकडे ओढ्याकांठीं लव्हाळ्यासारखें गवत पुष्कळ आहे, तें कापून वाळत घातलें आहे, आणि कसें बडवावें तें कळवा, असें त्यानें विचारलें आहे. मोसम नोव्हेंबरांत सुरू होईल. जड बुटांचा जोड तो येथेंच ठेवून गेला. त्यांतला एक आमच्या मागील दाराला लावला आहे, तेव्हांपासून दार वाऱ्यानें आपटत नाहीं.